सगळं धरून, जंगल सोडून

'ऑल इन्क्लुझिव्ह'ला मराठीत काय म्हणायचं? पुस्तकी मराठीत 'सर्वसमावेशक' म्हणता येईल, पण तो शब्द जाहीरनाम्यांनी वापरून वापरून पार गुळगुळीत केलाय. मला आपला लग्नाच्या केटररचा शब्द आवडतो, 'सगळं धरून'. "ताटाला अमुक इतके, सगळं धरून." त्याची एक गंमत आहे. केटरर असं म्हणाला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस चष्मा वर सरकवून लगेच विचारतं, "सगळं म्हणजे काय काय?" मग कळतं की पान-सुपारी वेगळी, पाण्याचे जार वेगळे आणि वाढप्यांचे पैसे वेगळे.

रिसॉर्टला हा प्रश्न आपण कधी विचारत नाही. आजचा हा लेख म्हणजे तोच प्रश्न आहे, जरा लांबलेला.

तर झालं असं की गेल्या मे महिन्यात आई-बाबांना घेऊन ताडोब्याला गेलो होतो. दोन रात्री, तीन दिवस, नाश्ता-जेवण-चहा-सफारी सगळं धरून तिघांचे साठ हजारांच्या आसपास. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही. एक तर मला त्या एकाच रिसॉर्टशी भांडायचं नाहीये. दुसरं म्हणजे नाव लिहिलं की खाली 'मग तुम्ही शेजारच्या अमुकमध्ये जायला हवं होतं' असे सल्ले येतात आणि मूळ मुद्दा वाहून जातो. शेजारच्या अमुकमध्येही हेच आहे, हाच मुद्दा आहे.

आधीच सांगतो, सेवा चांगली होती. चादरी स्वच्छ, एसी गार, मॅनेजर नम्र. झुरळ निघालं नाही, गरम पाणी गेलं नाही. त्यामुळे 'पैसे परत द्या' छापाची तक्रार माझ्याकडे नाही. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते थोडं उद्धट वाटेल. जंगलाच्या दारात 'सगळं धरून' विकणं हीच मुळात फसवणूक आहे. सेवा जितकी चांगली, तितकी ती फसवणूक बेमालूम.

ताटापासून सुरुवात करू

पहिल्या दुपारी बुफेत पनीर बटर मसाला, हाका नूडल्स, दाल मखनी, रशियन सॅलड आणि गुलाबजाम. संध्याकाळी 'हाय टी'. रात्री पुन्हा पनीर, पण आता कढाई. हे जेवण मला हिंजवडीतल्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज मिळतं, त्यासाठी रात्रभर प्रवास करायची गरज नव्हती.

चंद्रपूर-गडचिरोली हा धानाचा, तळ्यांचा मुलूख. इथे लाखोळीची डाळ होते. पावसाळ्यात बांबूच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची भाजी होते. वारुळांवर उगवणाऱ्या सात्या बाजारात येतात आणि लोक त्यांच्यावर तुटून पडतात. उन्हाळ्यात टेंभरं पिकतात, चारं पिकतात. मोहफुलाचं तर विचारूच नका, त्याचे गोडाचे इतके प्रकार आहेत की 'मोह म्हणजे दारू' हे आपलं शहरी ज्ञान दोन दिवसांत पुसलं जावं. बरं हे सगळं राहू दे, साधा वडाभात? सांबारवडी? (विदर्भाबाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे!)

आईने वाढणाऱ्या मुलाला विचारलं, "अरे, इकडचं काही नाही का?" तो मुलगा बिचारा उत्तराखंडचा, त्याला इकडचं म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मॅनेजर आले आणि म्हणाले, "मॅडम, ट्रायबल थाळी आहे ना. एक दिवस आधी सांगावं लागतं. ती पॅकेजमध्ये नाही, एक्स्ट्रा आहे."

म्हणजे 'सगळं धरून'मध्ये रशियन सॅलड धरलेलं आहे आणि चंद्रपूर एक्स्ट्रा आहे. इथेच खरं तर लेख संपायला हवा, पण अजून बरंच बाकी आहे.

ही कल्पना आली कुठून

'सगळं धरून' सुट्टी ही समुद्रकाठची कल्पना. १९५० मध्ये जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसाने स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकून 'क्लब मेड'ची सुरुवात केली. युद्धातून नुकत्या बाहेर पडलेल्या युरोपातली माणसं यावीत, एकत्र जेवावीत, पोहावीत आणि पैशांचा विचार करू नये, असा तो मामला होता. पुढे तिथे बारमध्ये नोटांऐवजी गळ्यातल्या माळेचे मणी द्यायची पद्धत आली. खिशात पाकीट ठेवायची गरजच नको!

कल्पना वाईट नव्हती. वाळू आणि पाणी ह्यांच्यामध्ये आडवं पडायला आलेल्या माणसाला दर तासाला बिल कशाला? पण ह्या युक्तीचा एक परिणाम पहिल्यापासून तिच्या पोटात आहे. पैसे एकदाच, आधीच आणि एकाच ठिकाणी दिले जातात. त्यामुळे कुंपणाबाहेर एक रुपया खर्च करणं हा गिऱ्हाइकाला तोटा वाटायला लागतो. बाहेरच्या टपरीवर दहा रुपयांचा चहा प्यायचा म्हणजे आत भरलेल्या चहाचे पैसे वाया! आमच्या क्षेत्रात ह्याला 'व्हेंडर लॉक-इन' म्हणतात. एकदा का सगळं एकाच कंपनीचं घेतलं की बाहेरची फुकटची गोष्टसुद्धा महाग वाटते.

समुद्र निदान सगळ्यांना सारखा दिसतो. रिसॉर्टच्या वाळूतून बघा नाहीतर कोळीवाड्यातून बघा, लाटा त्याच. जंगलाचं तसं नाही. ते कुणाबरोबर आणि कुठल्या कामासाठी बघतोय ह्यावर काय दिसणार ते ठरतं. म्हणून समुद्रावर जे फार तर आळस ठरतं, ते जंगलात आंधळेपण ठरतं.

ब्रोशरमधलं 'अनटच्ड' जंगल

रिसॉर्टच्या खोलीत एक गुळगुळीत ब्रोशर होतं. त्यात लिहिलं होतं की हे मानवाचा स्पर्श न झालेलं अरण्य आहे. ज्याने हे लिहिलं तो चंद्रपूरहून मोहर्लीच्या रस्त्याने कधी आलेला नसावा. ह्या वाटेवर महाऔष्णिक वीज केंद्र लागतं, २९२० मेगावॅटचं. दुर्गापूर आणि पद्मापूरच्या कोळसा खाणी लागतात. ज्या इरई धरणाच्या काठाने ताडोब्याची हद्द जाते, त्याचं पाणी ह्या वीज केंद्राला जातं. पुण्या-मुंबईत आपण जो एसी लावतो त्यातली काही वीज इथली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ह्याच वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेलं. स्पर्श न झालेलं म्हणे!

आणि माणसं? १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं, पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. ह्या सगळ्याच्या आधीपासून आत गावं होती. बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी गावं गेल्या वीसेक वर्षांत बाहेर हलवली गेली. हलवणं चूक की बरोबर हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, मी आज त्यात शिरत नाही. पण जिथून माणसांनी उठून जागा मोकळी केली त्या जंगलाला 'इथे कधी माणूस नव्हताच' असं म्हणणं हा शुद्ध कोडगेपणा आहे.

ताडोबा हे नावच बघा ना. तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे. तारू हा आदिवासींचा प्रमुख, तो वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला अशी दंतकथा आहे. म्हणजे ज्याच्या नावाचं तिकीट आपण काढतो तो माणूस वाघाकडूनच गेलेला. ही गोष्ट आम्हाला पॅकेजमध्ये कुणी सांगितली नाही. आमच्या सफारीतल्या गाइडने सांगितली, तेही आईने विचारलं म्हणून. दोन दिवसांत ऐकलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ती, आणि ती रिसॉर्टच्या कुंपणाबाहेर मिळाली.

वाघाची हमी

कागदावर कुणीच हमी देत नाही. पण बुकिंगच्या फोनवर "सर, समरमध्ये नाइंटी पर्सेंट सायटिंग आहे" असं सांगितलं जातं. गिऱ्हाईक डोक्यात लगेच भागाकार करतं, साठ हजार भागिले वाघ. आयटीत काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. हा सरळ सरळ एसएलए आहे. फरक एवढाच की तो पाळायची जबाबदारी ज्याच्यावर टाकलीय त्याने करारावर सही केलेली नाही. आधी वाघाने केलेली नाही, आणि जिप्सीच्या ड्रायव्हरनेही नाही.

हा दबाव कुठे जातो ते बघायला ३१ डिसेंबर २०२४ आठवा. ताडोब्यातली नव्हे, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातली गोष्ट. एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी जिप्स्यांनी अडवली. व्हिडिओ पसरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ड्रायव्हर आणि गाइडवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती, त्यात वाद नाही. पण गाडीत मागे बसून "भैया, और आगे लो ना" म्हणणारा कोण होता? तो घरी गेला. त्याचे फोटो आले, लाइक आले. ज्या ड्रायव्हरचं घर बक्षिसीवर चालतं त्याला नाही म्हणणं किती परवडतं, हे ज्याने 'क्लायंटला नाही म्हणू नका' हे वाक्य रोज ऐकलंय त्याला तरी कळायला हवं.

'सगळं धरून' घेतलेल्या माणसाला जंगलात असमाधानी राहायचा हक्क मिळतो, ही त्यातली खरी मेख. दुसऱ्या सफारीत आम्हाला वाघ दिसला नाही. दिसले ते रानगवे, मोराचा नाच, आणि एका वाळक्या झाडावर निवांत बसलेला मत्स्यगरुड. संध्याकाळी तलावाच्या बाजूने, सॉरी, स्विमिंग पूलच्या बाजूने चालताना एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "काय मग, काही दिसलं?" बाबांनी उत्साहाने गवे सांगितले. गृहस्थ म्हणाले, "म्हणजे काहीच नाही." :(

दोन पाणवठे

स्विमिंग पूलचा विषय निघालाच आहे तर तोही घेऊ. एप्रिल-मे हा ताडोब्याचा 'पीक सीझन' का? कारण पाणी आटतं. ४५-४६ अंशांत ओढे कोरडे पडले की वाघाला पाणवठ्यावर यावंच लागतं. वन विभाग सौर पंपांनी, कुठे टँकरने कृत्रिम पाणवठे भरतो. आपण तिथे जिप्सी लावून बसतो, वाघ येतो, आपण धन्य होतो. म्हणजे आपल्या आनंदाचं मूळ पाण्याच्या टंचाईत आहे. आणि तो आनंद घेऊन आपण परत येतो कुठे? तर निळ्या फरशीच्या, काठोकाठ भरलेल्या टाकीत! त्याच जमिनीखालचं पाणी, तोच मे महिना. रिसॉर्टमध्ये 'रेन डान्स'सुद्धा होता. मी फार भावनिक माणूस नाही, पण मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात रेन डान्स ह्या कल्पनेला लाज नावाची गोष्ट शिल्लक असती तर ती घाम फुटून मेली असती.

पहाटे पाच वाजता

आता मुख्य गोष्ट. बाकी सगळं सोडून दिलं तरी हे सोडता येणार नाही.

मे महिना हा तेंदूपत्त्याचाही हंगाम आहे. बफरमधल्या आणि बाहेरच्या गावांतली माणसं पहाटे पाचच्या सुमाराला जंगलात शिरतात, जास्त करून बायका. पानं तोडायची, दुपारपर्यंत घरी आणायची, सत्तर पानांचा एक असे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. वर्षातले जेमतेम पंधरा-वीस दिवस हे काम असतं. त्या पैशांवर बियाणं येतं, शाळेची पुस्तकं येतात, उधाऱ्या फिटतात.

आपली सकाळची सफारी कधी निघते? त्याच वेळेला.

एकच जंगल, एकच पहाट, एकच वाघ. आपण उघड्या जिप्सीत, हातात कॅमेरा घेऊन 'दिसू दे रे' म्हणतोय. आणि काही किलोमीटरवर एक बाई वाकून पानं तोडतेय आणि मनात म्हणतेय 'दिसू नको रे'. आमचा ड्रायव्हर जवळच्याच गावचा. तो फार शांतपणे म्हणाला, "तुमी वाघ पाहाले इतके पैसे देता जी. आमाले तं फुकटच दिसते. माही माय तेंदूले जाते तं नाई दिसला पाहिजे म्हणून देवापुढं नारळ फोडते."

१० मे २०२५ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मेंढामाळच्या जंगलात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. एकाच गावच्या. ही बातमी आपल्याकडे आतल्या पानावर आली आणि गेली.

२०२२ च्या गणनेत ताडोबा प्रकल्पात ९७ वाघ मोजले गेले, महाराष्ट्रात ४४४. आपण ते आकडे अभिमानाने शेअर केले आणि करायलाच हवेत. पण ताडोब्यात जागा संपली की तरणा वाघ बाहेर पडतो, ब्रह्मपुरीकडे, सिंदेवाहीकडे, पुढे वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत. तिथे रिसॉर्ट नाही, सफारी नाही, तिथे फक्त गावं आहेत. म्हणजे वाघ वाढल्याचा आनंद एका पत्त्यावर पोचतो आणि त्याची किंमत दुसऱ्या पत्त्यावर. माणूस गेला तर सरकार भरपाई देतं, २०२३ पासून ती २५ लाख आहे. देतं हे चांगलंच. पण ती माणूस गेल्यावर. माणूस रोज पहाटे जी भीती घेऊन जंगलात शिरतो तिची किंमत कोण देतं? आपल्या साठ हजारांत, सगळं धरून, त्या भीतीचे किती रुपये धरलेत?

मी मॅनेजरना विचारलं की ह्यातले गावाकडे काय जातात. ते म्हणाले, "सर, सफारीची फी, जिप्सी आणि गाइड हे लोकलच असतात." खरंय. आणि ती ह्या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. पण ती रिसॉर्टची मेहेरबानी नव्हे! गाइड घेतल्याशिवाय गेटच्या आत जाता येत नाही हा वन विभागाचा नियम आहे, म्हणून ते पैसे गावात जातात. जिथे नियम संपतो तिथे, म्हणजे खोली, जेवण, चहा, दुकान, ह्या सगळ्यांत गावच्या वाट्याला आलं ते झाडलोट, बागकाम आणि गेटवरची काठी.

"मग काय, रिसॉर्ट बंद करायचे?"

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच घेतो.

पहिला आक्षेप: रिसॉर्टमुळे रोजगार मिळतो. मिळतो, मान्य. पण कुठला, हे विचारायचं नाही का? आयटी पार्क आलं तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना सिक्युरिटीच्या नोकऱ्या मिळाल्या, आणि तोही रोजगारच होता. रोजगार हा शब्द आला की पुढचे प्रश्न बंद व्हायला हवेत असं कुठे लिहिलंय? ज्या मुलाला पावलांच्या ठशांवरून वाघीण कुठल्या वाटेने गेली ते कळतं, त्याला तुम्ही गेटवर सलाम करायला उभं करता. आमच्या भाषेत सांगायचं तर सिनियर आर्किटेक्टला प्रिंटरमध्ये कागद भरायला बसवण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप: म्हातारे आई-वडील, लहान मुलं घेऊन गेल्यावर सोय लागते. अगदी बरोबर. माझ्याही बरोबर साठीच्या पुढची दोन माणसं होती. स्वच्छ संडास, गार खोली आणि वेळेवर जेवण ह्या गोष्टी चैन नाहीत. पण स्वच्छ संडासासाठी रशियन सॅलड कशाला लागतं? सोय हवी, कुंपण कशाला? दोन्ही एकाच पाकिटात बांधून विकतात म्हणून आपल्याला ते एकच वाटतं.

तिसरा आक्षेप, आणि हा जरा जड आहे: तुम्ही शहरी लोक गावाला म्युझियम करायला निघालात, गावकऱ्यांनाच रिसॉर्ट हवे आहेत. असतील. जमिनीला भाव येतो, ज्याची जमीन रस्त्याला लागून आहे त्याचं भलं होतं. त्यांना नको म्हणायचा मला काडीचा अधिकार नाही. पण गिऱ्हाईक म्हणून माझे पैसे कुठे जावेत हे विचारायचा अधिकार मला नक्की आहे. तेवढंच विचारतोय.

आणि रात्रीच्या 'ट्रायबल डान्स'बद्दल तरी मला कुणी म्युझियमचं नाव सांगू नये! शेकोटीभोवती वीस मिनिटं नाच, मागे लाउडस्पीकर, पुढे दारूचे ग्लास. ह्याच भागात झाडीपट्टीची रंगभूमी आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्र रात्र नाटकं चालतात, तिकीट लावून. देसाईगंज-वडसा हे त्याचं केंद्र, नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथे आहेत. शंकरपट झाला, मंडई भरली की रात्री नाटक हवंच. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना ह्याच रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली. एवढी जिवंत, स्वतःच्या पैशांवर उभी असलेली गोष्ट शेजारी असताना पाहुण्याला शेकोटीभोवती फिरणारी माणसं दाखवायची, ह्याला काय म्हणावं?

जंगलाचे मालक

पाहुण्याला वेगळं जंगल दाखवता येतं, आणि ते दाखवणारी माणसं इथेच आहेत. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) घ्या. वनहक्क कायदा २००६ चा, आणि २००९ मध्ये ह्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. तरी बांबू विकायची परवानगी यायला एप्रिल २०११ उजाडला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनेही असाच हक्क मिळवला, बांबू स्वतः विकला. आणि तेंदूपत्त्याच्या तोडणीने झाडाचं नुकसान होतं म्हणून त्या उत्पन्नावर स्वतःहून पाणी सोडलं. नीट वाचा: गरीब गावाने, ग्रामसभेत बसून, आलेले पैसे नको म्हटले, जंगल टिकावं म्हणून.

जंगल राखणं म्हणजे काय हे मला अशा गावात दोन दिवस बसून ऐकायचंय. त्यासाठी मी साठ हजार द्यायला तयार आहे. आनंदाने. पण हे कुठल्याच पॅकेजमध्ये नाही, कारण पॅकेज बांधणाऱ्याला जंगल म्हणजे वाघाच्या मागचा पडदा वाटतो.

तर करायचं काय? क्रांती वगैरे नको. बुकिंग करताना चार प्रश्न विचारायचे, केटररला विचारतो तसेच.

१. बिल फोडून द्या. खोली किती, जेवण किती, सफारी किती. जेवण नको असेल तर किती कमी होतील?

२. स्वयंपाकघरात आणि काउंटरवर ह्या तालुक्यातली किती माणसं आहेत? झाडलोट सोडून.

३. इकडचं जेवण रोजच्या ताटात आहे का? 'एक्स्ट्रा' म्हणून नव्हे.

४. पूलचं पाणी मे महिन्यात कुठून येतं?

चौथ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस बहुतेक फोन होल्डवर टाकेल. टाकू दे. वीस जणांनी विचारलं की कुणीतरी उत्तर तयार करून ठेवेल, आणि शंभर जणांनी विचारलं की कदाचित उत्तर बदलेलही. बाजार असाच हलतो. आपण गिऱ्हाइकं आहोत, आणि गिऱ्हाइकाने विचारलेल्या प्रश्नाइतकी भीती मॅनेजरला वाघाचीही वाटत नाही.

सरकारकडूनही एक मागणं आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात किती पर्यटन चालावं ह्यावर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केवढा खल झाला. जुलैत बंदी आली, ऑक्टोबरमध्ये ती उठली, आणि गाभ्याच्या फार तर २० टक्के भागात पर्यटन अशी मर्यादा ठरली. गेटच्या आत गाइड स्थानिकच हवा हा नियम चालतो आणि त्याने कुणाचा धंदा बुडालेला नाही. मग गेटच्या बाहेर, जंगलाच्या नावावर खोल्या विकणाऱ्यांना तसाच नियम का नको? पाहुण्यामागे ठरावीक रक्कम थेट बफरमधल्या ग्रामसभांच्या खात्यात जावी आणि ती बिलावर वेगळ्या ओळीत छापलेली दिसावी. दिसणं महत्त्वाचं आहे. क्लब मेडच्या मण्यांनी जे लपवलं ते पुन्हा दिसायला हवं.

तोपर्यंत, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला 'ताडोबा, सगळं धरून' असं म्हणालं, तर चष्मा वर सरकवा आणि त्या पहाटे पाचला तेंदूच्या झाडाखाली वाकलेल्या बाईचं विचारा. तिला धरलंय का?